पालिका आणि पौर

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर, दोन रस्त्यांच्या बेचक्यात मुंबई महापालिकेची दगडी इमारत उभी आहे. महापालिकेचं पूर्ण नाव सहसा कुणी घेत नाही. ‘बीएमसी’ म्हणतात, नाहीतर नुसतं ‘पालिका’. जुन्या माणसांच्या तोंडी ‘मुन्शिपालटी’ असे. ही ‘पालटी’ आणि आपली ‘पालिका’ कानाला सख्ख्या बहिणी वाटतात, पण नात्यानं लागत नाहीत. लॅटिनमध्ये ‘म्युनुस’ म्हणजे कर्तव्य, वाट्याला आलेला भार. ‘कापेरे’ म्हणजे घेणं. असा भार उचलणाऱ्या रहिवाशांचं नगर ते ‘म्युनिसिपियम’. ‘पालिका’ संस्कृत ‘पाल्’ धातूची, सांभाळणारी. तिकडे रहिवासी ओझं खांद्यावर घेतो, इकडे संस्था रहिवाशाला सांभाळते. म्हणून तर पाणी आलं नाही की आपण हक्कानं ‘पालिका काय करते?’ असं विचारतो.

इमारत मात्र गावाचा अभिमान मिरवायलाच बांधली. समोरच्या स्टेशनाचेच वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी ती घडवली. १८८४ साली लॉर्ड रिपन यांच्या हस्ते पायाभरणी झाली, १८९३ साली काम पुरं झालं. गॉथिक कमानींवर पौर्वात्य घुमट आहेत आणि मधला मनोरा २५५ फूट उंच. दर्शनी भागाच्या त्रिकोणी माथ्यावर पंख पसरलेली प्रतिमा आहे. ती ‘उर्ब्स प्रिमा इन इंडिस’ या बिरुदाची, म्हणजे हिंदुस्थानातल्या अव्वल नगराची. रस्त्यावरून जाताना मान जरा जास्तच वर करावी लागते, पण करावी.

पालिकेशी जोडलेल्या शब्दांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो ‘महापौर’. सावरकरांच्या भाषाशुद्धीतून तो मराठीत रुळला. इंग्रजी ‘मेयर’च्या मुळाशी लॅटिन ‘मायोर’ आहे, अधिक मोठा एवढाच त्याचा अर्थ. गावाचा त्यात मागमूस नाही. ‘पौर’ म्हणजे पुरात राहणारा. तेव्हा महापौर कितीही मोठा झाला तरी पुरवासीयांतलाच एक. इंग्रजी शब्दाला जे साधलं नाही ते या प्रतिशब्दानं साधलं. पालिकेच्या इमारतीसमोर ज्यांचा पुतळा आहे ते फिरोजशहा मेहता चार वेळा पालिकेचे प्रमुख झाले, पण ‘अध्यक्ष’ म्हणून. मुंबईत ‘मेयर’ हे पद १९३१ साली आलं. नुसता ‘पौर’ मात्र बोलण्यातून गेला. त्याची जागा ‘नागरिक’ या शब्दानं घेतली.