जुना छापखाना, जुने डेबियन: आजच्या प्रोग्रामरने ते वापरावे का?

१/ आजच्या धाग्याची सुरुवात नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसपासून करू. १९२८ पूर्वी भारताच्या नोटा इंग्लंडमध्ये छापल्या जात आणि बोटीने येत. त्या वर्षी हे काम इथे आले. सत्ता इंग्रजांचीच होती. पण छापखाना इथला झाला, कामगारांच्या हाताला कसब लागले आणि स्वातंत्र्यानंतर तोच छापखाना स्वतंत्र देशाच्या नोटा छापू लागला.

२/ फाळणीनंतर पाकिस्तानकडे स्वतःचा नोटांचा छापखाना नव्हता. आरंभीच्या काळात तेथील चलनासाठी भारतीय नोटांवरच पाकिस्तान सरकारची अक्षरे उमटवून दिली गेली, आणि तीही नाशिकहून. छापखाना किती जुना, याइतकेच तो कोणाच्या हाती, हेही पाहावे लागते. संगणकाच्या इतिहासात हाच प्रश्न पुन्हा भेटतो.

३/ विद्यार्थी वारंवार विचारतात: डेबियन हे लिनक्स वितरण १९९३ चे, आजच्या प्रोग्रामरला ते चालेल का? प्रश्नात गृहीत असे धरलेले असते की वय हाच दोष. इतिहास पाहता वितरणांचा घात वयाने क्वचितच झाला आहे.

४/ १६ ऑगस्ट १९९३. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी इयान मर्डॉक याने नव्या वितरणाची घोषणा केली. त्याची मैत्रीण डेब्रा आणि तो स्वतः, अशा दोन नावांतून ‘डेबियन’ हे नाव घडले. आज हयात असलेल्या वितरणांत स्लॅकवेअर तेवढे त्याच्याहून महिनाभराने वडील.

५/ खरे महत्त्वाचे वर्ष १९९७. त्या जुलैमध्ये डेबियनच्या स्वयंसेवकांनी ‘सामाजिक करार’ संमत केला: हे वितरण मुक्तच राहील आणि त्यातील दोष लपवले जाणार नाहीत. प्रकल्पाचा प्रमुख दरवर्षी मतदानाने निवडला जातो. मालक नाही, भागधारक नाहीत. एखाद्या गावच्या जुन्या वाचनालयासारखा कारभार: संथ, कधी कधी भांडखोर, पण कुणा एकाला परस्पर विकता न येणारा.

६/ आता दुसरी बाजू. रेड हॅट या कंपनीचे व्यावसायिक लिनक्स मोठ्या संस्थांत रुजले होते. त्याची मूळ संहिता खुली असल्याने तीच पुन्हा बांधून ‘सेंटओएस’ नावाने २००४ पासून विनामूल्य दिली जात असे. सर्व्हर चालवणाऱ्या असंख्यांचा संसार त्यावर उभा होता. २०१४ मध्ये सेंटओएस रेड हॅटच्या छत्राखाली आले, २०१९ मध्ये रेड हॅट आयबीएमने घेतली.

७/ आणि डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली: सेंटओएस ८, ज्याला २०२९ पर्यंत आधार मिळणार होता, ते २०२१ च्या अखेरीस बंद! आठ वर्षांचे वचन एका वर्षावर आले. वितरण जुनाट झाले होते म्हणून नव्हे. किल्ली ज्याच्या हाती होती त्याने विचार बदलला म्हणून.

८/ याची झळ विज्ञानालाही लागली. फर्मीलॅब आणि सर्न या प्रयोगशाळा रेड हॅटच्याच संहितेतून ‘सायंटिफिक लिनक्स’ बांधत. जगभरच्या कणभौतिकीच्या संगणकजाळ्याचा तो आधार होता आणि त्या जाळ्यात मुंबईची, कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही आहे. २०१९ मध्ये फर्मीलॅबने ठरवले की पुढची आवृत्ती आपण बांधायची नाही, सेंटओएस ८ वापरायचे. दीड वर्षात तेच आधाराचे झाड कोसळले. अखेर २०२२ मध्ये दोन्ही प्रयोगशाळांनी अल्मालिनक्सची शिफारस केली.

९/ रेड हॅटला मात्र केवळ खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. मराठी माणसाने तर नाहीच. एकेकाळी प्रत्येक मराठी फाँटची सांकेतिक रचना वेगळी असे. एका यंत्रावरचा मजकूर दुसरीकडे उघडला की अक्षरांचा नुसता चिवडा. युनिकोडने ती अडचण मिटवली, पण मुक्त प्रणालींवर चांगला देवनागरी फाँट हवा होता. तो ‘लोहित’ मालिकेने दिला. मूळ फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे, खुले केले रेड हॅटने, आणि पुढची निगराणी रेड हॅटच्या पुण्यातील अभियंत्यांनी केली. लोहित म्हणजे तांबडा. नावातला श्लेष लक्षात आला असेलच.

१०/ लोहितचा परवाना मुक्त होता. २०११ मध्ये तो आणखी मोकळा करण्यात आला. त्यामुळे एका कंपनीच्या आश्रयाने वाढलेली ही अक्षरे डेबियनच्या भांडारातही आली आणि आजही ‘फाँट्स-लोहित-देवा’ या पॅकेजमध्ये आहेत. कंपनीने उद्या धोरण बदलले तरी ती परत घेता येणार नाहीत.

११/ आता मूळ आक्षेपाकडे. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते आणि मधल्या काळात तिच्यातील पॅकेजे गोठलेली असतात. २०२३ च्या ‘बुकवर्म’मध्ये पायथन ३.११ होते आणि ते शेवटपर्यंत तेच राहिले. नवी भाषा, नवे ग्रंथालय हवे असणाऱ्याला हे जाचते. तक्रार खोटी नाही.

१२/ परंतु गेल्या दशकात काम करण्याची रीतच पालटली. प्रोग्रामर आज पायथन किंवा रस्ट प्रणालीच्या भांडारातून क्वचितच घेतो. प्रत्येक प्रकल्पाची वेगळी चूल मांडतो. बुकवर्मपासून तर डेबियन स्वतःच बजावते की पिपने थेट प्रणालीच्या पायथनमध्ये हात घालू नका, आभासी परिसर करा. प्रथम राग येतो. एकदा प्रणाली मोडून झाली की त्यातले शहाणपण पटते.

१३/ गंमत अशी की डेबियन जुने म्हणून नाक मुरडणारा बहुधा तेच वापरत असतो. डॉकरवरील पायथनच्या अधिकृत प्रतिमा मुळात डेबियनवर बेतलेल्या आहेत. उबुंटू त्याच्याच पोटी जन्मले, रास्पबेरी पायची प्रणालीही. गूगलने आपल्या अभियंत्यांच्या संगणकांसाठी उबुंटूवर बेतलेली प्रणाली सोडून डेबियनच्या ‘टेस्टिंग’ शाखेवर बेतलेली निवडली.

१४/ हट्टही सुटले आहेत. मुक्ततेच्या तत्त्वापायी पूर्वी अधिकृत प्रतीत वाय-फायचे बंदिस्त फर्मवेअर नसे. इन्स्टॉलेशन झाले की इंटरनेटच नाही, आणि नवखा मुलगा तिथेच विंडोजकडे परते. ऑक्टोबर २०२२ च्या मतदानात हा नियम बदलला. माझ्या मते डेबियनच्या अलीकडच्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा निर्णय. तोही मतदानाने झाला, हे विशेष.

१५/ मग कोणी टाळावे? बाजारात कालच आलेला लॅपटॉप किंवा ग्राफिक्स कार्ड असेल तर फेडोरासारखे चपळ वितरण बरे. कोपऱ्यातला ३२ बिटांचा संगणक जिवंत करायचा असेल तरीही अडचण: ऑगस्ट २०२५ च्या ‘ट्रिक्सी’ने अशा यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणे थांबवले. बाकीच्यांसाठी ट्रिक्सीत सुमारे ७० हजार पॅकेजे आहेत, २०२८ पर्यंत पूर्ण आधार आहे, आणि दीर्घकालीन आधार धरला तर २०३० पर्यंत. पदविकेच्या पहिल्या वर्षाला बसलेल्या मुलाची पदविका तेवढ्यात होऊन जाईल.