काळीची मोजणी आणि पांढरीचा नकाशा

आजचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. ड्रोनने घेतलेल्या छायाचित्रांचा नकाशा करण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर निवडावे, हा प्रश्न अभियंत्याचा आहे; तो इतिहासाच्या अभ्यासकाने का घ्यावा? माझे उत्तर असे की, जमीन मोजण्याचे साधन निवडण्याची वेळ आपल्या वाशीम भागावर ही काही पहिल्यानेच आलेली नाही. मागील अनुभव जमेस धरल्याशिवाय नवी निवड केली, तर यंत्र नवे आणि भांडणे जुनीच, अशी गत होईल.

प्रारंभ आपल्या गावापासूनच करू. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. भास्कराचार्यांनी 'करणकुतूहल' हा ग्रंथ शके 1105, म्हणजे इसवी सन 1183, हे आरंभवर्ष धरून रचला. त्यात पृथ्वीच्या मध्यरेषेवरील स्थळे सांगितली आहेत. लंका, कांची, उज्जयिनी, कुरुक्षेत्र आणि मेरू यांच्या पंक्तीत वत्सगुल्माचेही नाव आहे. आपल्या गावातील मध्यमेश्वराचे मंदिर याच रेषेवर बांधले, असे सांगतात. या मानाचा आपणांस अभिमान वाटावा हे योग्यच. परंतु आजच्या मोजणीप्रमाणे उज्जैन 75 अंश 46 कलांवर आणि वाशीम सुमारे 77 अंश 8 कलांवर आहे. म्हणजे दोहोंत सुमारे 140 किलोमीटरांचे पूर्व-पश्चिम अंतर पडते.

मग आचार्य चुकले काय? तसे म्हणणे उतावीळपणाचे होईल. या अंतराने सूर्योदयाच्या वेळेत जेमतेम साडेपाच मिनिटांचा फरक पडतो. पंचांगाचे गणित तेवढ्याने अडत नाही. मोजमाप कशासाठी हवे आहे, यावर त्याची पुरेशी अचूकता ठरते. ही या इतिहासाची पहिली शिकवण होय. पंचांगाला चालणारी रेषा शेताच्या बांधाला चालणार नाही. आणि सोयाबीनवर कीड कोठे पडली हे पाहण्यास पुरेसे असणारे सॉफ्टवेअर दोन भावांमधील भिंत ठरविण्यास पुरेल, असे मानता येत नाही.

दुसरा टप्पा विल्यम लॅम्बटनचा. त्याने 1802 साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे साखळीने आपली पायारेषा मोजली आणि तेथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत तो उत्तरेकडे निघाला. त्याची मुख्य रेषा 78 व्या रेखांशाच्या आसपास चालत आली. वीस वर्षे हे काम करून हा वृद्ध गृहस्थ 1823 साली आपल्या विदर्भातच, हिंगणघाटास, वारला. त्याचे काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने नेले. या मंडळींची पद्धत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कोनांवरून काढलेल्या गणितावर ते विसंबून राहत नसत. शेकडो मैल गेल्यावर पुन्हा एक पायारेषा प्रत्यक्ष जमिनीवर मोजून गणित तिच्याशी ताडून पाहत. गणिताची परीक्षा जमिनीवर, ही दुसरी शिकवण.

तिसरा टप्पा सामान्य कास्तकाराच्या दाराशी येतो. 1853 च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि 1860 नंतरच्या दशकात येथे मुंबई पद्धतीची मोजणी व जमाबंदी सुरू झाली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब व साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. हे माप आजही आपल्या बोलण्यात आहे. या पद्धतीचे खरे सामर्थ्य तिने मागे ठेवलेल्या कागदांत होते. टिपणात शेतात प्रत्यक्ष घेतलेली मापे लिहिलेली असत. गुणाकार बुकात त्यांवरून क्षेत्रफळ कसे काढले ते असे. आणि मग नकाशा. नकाशाविषयी शंका आली, तर मागे टिपणापर्यंत जाता येई. हद्दीचे दगड शोधून मापे पुन्हा टाकता येत. शंभर वर्षांनंतरही मोजणीदार तेच टिपण घेऊन बांधावर उभा राहतो, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु या मोजणीत एक मोठी उणीव राहिली, आणि तीच आजच्या विषयाच्या मुळाशी आहे. आपल्या गावाचे दोन भाग: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे घरांची वस्ती. सारा काळीवर बसत होता, म्हणून काळी इंचाइंचाने मोजली गेली. पांढरीच्या कडेने एक रेघ ओढून आत 'गावठाण' असा शब्द लिहिला, की काम झाले. पुढे काही मोठ्या गावठाणांची मोजणी झाली. लहान गावे तशीच राहिली. राज्यव्यवस्था पुष्कळ वेळा बदलली. वाशीम जिल्हा 1905 साली मोडून त्याचे तुकडे शेजारी गेले, 1 जुलै 1998 रोजी तो पुन्हा उभा राहिला. पण पांढरीतल्या घराला कागद नव्हता तो नव्हताच. ज्या विधवेचे सारे आयुष्य एका घरात गेले, तिला ते घर आपले म्हणून दाखविण्यास शेजाऱ्यांच्या तोंडच्या शब्दापलीकडे आधार नसे. बँक कर्ज देत नसे, आणि दीर भिंत सरकवू लागला तर बोलता येत नसे.

पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनच्या साहाय्याने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, तो या उणिवेवर उपाय म्हणून. पुढे 24 एप्रिल 2020 रोजी केंद्र सरकारची स्वामित्व योजना जाहीर झाली. या कामात सर्वे ऑफ इंडिया आणि राज्याचे भूमी अभिलेख खाते एकत्र आले. आधी जमिनीवर चुन्याने हद्दी आखावयाच्या, मग ड्रोनने छायाचित्रे घ्यावयाची, त्यांवरून 1:500 प्रमाणाचा नकाशा करावयाचा, चौकशी व हरकती ऐकावयाच्या, आणि अखेर मिळकत पत्रिका द्यावयाची, असा हा क्रम आहे. यातील चुन्याची रेघ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ड्रोनला हक्क दिसत नाही, रेघ दिसते. आणि ती कोठे ओढावयाची हे गावाने समोरासमोर ठरवावयाचे असते.

सरकारी कामाचे सॉफ्टवेअर सरकार निवडील. परंतु 15 फेब्रुवारी 2021 च्या भू-स्थानिक मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्थांना नकाशे करण्याची वाट मोकळी केली, आणि त्याच वर्षीच्या ड्रोन नियमांनी हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंतचे उड्डाण सोपे केले. त्यामुळे ग्रामपंचायत, पाणलोटाचे काम करणारी संस्था, शेतकरी कंपनी, महाविद्यालय, यांपैकी कोणावरही निवडीची वेळ येऊ शकते.

छायाचित्रावरून मोजण्याची कल्पना जुनी आहे. 1858 साली अल्ब्रेख्त मायडेनबाउअर हा जर्मन वास्तुविशारद वेत्झलारच्या प्रार्थनामंदिराची मापे घेताना उंचावरून पडता पडता वाचला, आणि भिंतीवर चढण्यापेक्षा तिच्या छायाचित्रावरूनच मापे घ्यावीत असे त्याच्या मनात आले. आजची सॉफ्टवेअरे तेच काम करतात, फक्त शेकडो छायाचित्रांवर. प्रत्येक चित्र शेजारच्या चित्रावर सत्तर-ऐंशी टक्के चढलेले असते. एकच दगड अनेक चित्रांत ओळखून यंत्र त्याचे स्थान गणिताने काढते. रशियातील अ‍ॅजिसॉफ्टचे मेटाशेप, स्वित्झर्लंडमधील पिक्सफोरडी ही विकत किंवा वर्गणीने मिळणारी. ओपनड्रोनमॅप हे 2014 पासून विकसित होत आलेले, खुले आणि विनामूल्य. यांतले एकच श्रेष्ठ, असे मी सांगणार नाही. मी तीन प्रश्न सांगतो.

पहिला प्रश्न उंच घरांचा. समजा ड्रोन 100 मीटरवर आहे, आणि त्याच्या खालच्या बिंदूपासून 40 मीटरवर पाच मीटर उंचीचे घर आहे. त्या घराची वळचण चित्रात दोन मीटरांहून थोडी अधिक बाहेर सरकलेली दिसते. आपल्या कितीतरी बोळांची रुंदी तेवढीच असते! म्हणजे बोळच नकाशातून नाहीसा व्हावयाचा. म्हणून घरांची उंची हिशेबात घेऊन छप्पर जागेवर आणते, तेच सॉफ्टवेअर गावठाणाच्या कामाचे. आणि तरीही वळचणीखालची भिंत वरून दिसतच नाही; ती फीत लावूनच मोजावी लागते.

दुसरा प्रश्न लॅम्बटनचा. जमिनीवर अचूक मोजलेल्या खुणांशी चित्र बांधता येते काय? अशा खुणा नसतील तर यंत्राचे गणित आतल्या आत जुळते, पण नकाशा मध्यभागी फुगल्यासारखा होऊ शकतो. शिवाय काही खुणा जुळणीपासून बाजूस ठेवून केवळ पडताळ्यासाठी वापरता आल्या पाहिजेत. ज्या खुणांवरून नकाशा जुळविला त्यांच्यावरच त्याची परीक्षा घेणे म्हणजे विद्यार्थ्याने आपलाच पेपर तपासणे होय. येथेच निर्देशांकांची काळजी घ्यावी. जुने नकाशे एव्हरेस्टच्या पृथ्वीगोलावर रचलेले आहेत, ड्रोनचा उपग्रहसंकेत निराळ्या गोलावर. हा भेद न ओळखता एकावर एक ठेवले, तर शेकडो फुटांची तफावत पडते.

तिसरा प्रश्न टिपणाचा. सॉफ्टवेअर आपणांस मूळ छायाचित्रे, खुणांची मापे आणि गणितातील चुकीचा लेखी हिशेब हाती देते काय? की केवळ सुंदर रंगीत चित्र दाखवून बाकीचे सारे परक्या संगणकावर ठेवून घेते, आणि वर्गणी संपताच दार लावते? कागदाचे टिपण शंभर वर्षे टिकले. आपला नकाशाही कोणत्याही दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशा खुल्या स्वरूपात ठेवला पाहिजे, आणि मूळ छायाचित्रांची एक प्रत गावाजवळ असली पाहिजे.

पैशाचा विचार यानंतर. विनामूल्य सॉफ्टवेअर चालविण्यासही दमदार संगणक आणि शिकलेला माणूस लागतो. महाग सॉफ्टवेअर घेऊनही खुणा न रोवणाऱ्याचा नकाशा कच्चाच राहतो. खर्चात कपात करावयाची झाली तर ती चित्राच्या देखणेपणात करावी, जमिनीवरच्या खुणांत करू नये.

श्रोतेहो, काळीचा हिशेब सरकारला सारा हवा होता म्हणून झाला. पांढरीचा हिशेब माणसाला त्याचे घर मिळावे म्हणून होत आहे. हेतू इतका चांगला असताना साधनाची निवड आपण जाहिरात पाहून करू नये. आपल्या गावात उद्या असा नकाशा लागेल, तेव्हा चावडीवर जाऊन तो जरूर पाहा, रंगांचे कौतुकही करा. मात्र त्यानंतर विचारा, की याचे टिपण कोठे आहे? हे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. आणि त्या विधवेच्या भिंतीची रेघ बरोबर आहे की नाही, हे तिला स्वतःला फीत लावून पाहता आले, तरच ही मोजणी पुरी झाली असे समजावे.