जुन्या गोव्याची बॉम जीझस बॅसिलिका : इतिहास आणि वास्तुकला

पणजीपासून सुमारे १० किलोमीटर अंतरावर, मांडवी नदीच्या काठी वसलेले जुने गोवे हे एकेकाळी पूर्वेकडील पोर्तुगीज सत्तेचे राजधानीचे शहर होते. साथीच्या रोगांमुळे शहर ओस पडत गेले आणि १८४३ मध्ये पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला. मात्र तेथील चर्च टिकून राहिली. त्यांपैकी बॉम जीझस बॅसिलिका ही देशविदेशात सर्वाधिक परिचित असलेली वास्तू आहे. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव अवशेष येथे जतन करण्यात आले आहेत.

उभारणी

‘बॉम जीझस’ याचा शब्दशः अर्थ ‘चांगला येशू’ असा असून हे चर्च बाल येशूला अर्पण करण्यात आले आहे. जेझुइट संघाने या चर्चची उभारणी केली. २४ नोव्हेंबर १५९४ रोजी पायाभरणी झाली आणि १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या हस्ते ते उपासनेसाठी खुले झाले. कोचीनचे कप्तान दों जेरोनिमो मास्कारेन्यास यांनी मृत्युपत्राद्वारे ठेवलेल्या देणगीतून या बांधकामाचा खर्च भागविण्यात आला. त्यांचे स्मारक चर्चच्या उत्तरेकडील भिंतीत असून समोरच्या भिंतीला लाकडी कोरीव कामाचे प्रवचनपीठ आहे.

१७५९ मध्ये पोर्तुगीज राजवटीने जेझुइटांची हकालपट्टी केली, तरी चर्चमधील उपासना सुरू राहिली. १९४६ मध्ये पोपनी या चर्चला ‘बॅसिलिका’ हा मान बहाल केला.

वास्तुरचना

चर्चची लांबी सुमारे ५६ मीटर, रुंदी सुमारे १७ मीटर आणि उंची सुमारे १८.५ मीटर आहे. पश्चिमाभिमुख दर्शनी भाग तीन मजल्यांचा आहे. तळमजल्यावर तीन प्रवेशद्वारे, त्यावर तीन आयताकृती खिडक्या, त्यावर तीन वर्तुळाकार खिडक्या आणि सर्वांत वर नक्षीदार शिखरपट अशी त्याची मांडणी आहे. शिखरपटावर ‘आयएचएस’ ही अक्षरे कोरलेली आहेत. ग्रीक भाषेतील येशूच्या नावाची ही आद्याक्षरे जेझुइट संघाचे बोधचिन्ह म्हणून ओळखली जातात.

भिंती स्थानिक जांभ्या दगडाच्या आहेत. जांभा घडविण्यास सोपा असला तरी त्यावर बारीक नक्षी टिकत नाही. त्यामुळे दर्शनी भागावरील स्तंभ आणि कोरीव कामासाठी वसईहून काळा पाषाण आणण्यात आला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकून घेईपर्यंत ती पोर्तुगिजांच्या ताब्यात होती आणि तेथील दगड समुद्रमार्गे गोव्यात येत असे. उत्तर कोकणाशी असलेला हा दुवा आजही या वास्तूच्या दर्शनी भागावर पाहावयास मिळतो.

आतील सभागृह एकसंध आणि साधे आहे. त्या साधेपणामुळे सोन्याचा मुलामा दिलेली मुख्य वेदी अधिकच उठून दिसते. वेदीवर बाल येशूची मूर्ती असून तिच्या वर जेझुइट संघाचे संस्थापक सेंट इग्नेशियस लोयोला यांची भव्य मूर्ती आहे.

झेवियर यांची समाधी

फ्रान्सिस झेवियर यांचे ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यालगतच्या शांगचुआन बेटावर निधन झाले. त्यांचे पार्थिव मलाक्कामार्गे १५५४ मध्ये गोव्यात आणण्यात आले. १६२२ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. त्यानंतर त्यांचे पार्थिव बॉम जीझस चर्चमध्ये हलविण्यात आले. ते ज्या चांदीच्या पेटीत ठेवले आहे, ती गोव्यातील कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडविली. पेटीखालील संगमरवरी समाधी ही टस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोझिमो यांची भेट होय. फ्लॉरेन्सचे शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी यांनी ती साकारली आणि १६९८ मध्ये येथे तिची उभारणी झाली. इटलीचे शिल्प आणि गोमंतकीय चांदीकाम असा संगम येथे झाला आहे.

झेवियर यांचे फेस्त दरवर्षी ३ डिसेंबर रोजी साजरे होते. सर्वसाधारणपणे दर दहा वर्षांनी शवप्रदर्शन सोहळा होतो; यापूर्वीचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात पार पडला. गोव्यातील अन्य धर्मीयही ‘गोंयचो सायब’ म्हणून त्यांच्या दर्शनाला येतात.

जतनाचा प्रश्न

१९८६ मध्ये युनेस्कोने गोव्यातील चर्च आणि कॉन्व्हेंट यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. बॅसिलिकेचे संरक्षण भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. या वास्तूची आजची तांबूस रंगाची ओळख मात्र मूळची नाही. शेजारच्या इतर चर्चप्रमाणे तिच्यावरही चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात, पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार कास्त्रो यांच्या देखरेखीखाली झालेल्या कामात तो काढून टाकण्यात आला.

जांभा सच्छिद्र असल्याने पाणी शोषून घेतो. कोकणपट्टीतील मुसळधार पावसापासून चुन्याचा गिलावा त्याचे रक्षण करीत असे. ते आवरण गेल्यामुळे उघड्या दगडाची झीज होत असून, गिलावा पुन्हा करावा, अशी मागणी गेल्या काही वर्षांत पुढे आली आहे. उघड्या दगडाचे हेच रूप पाहत दोन-तीन पिढ्या वाढल्या असल्याने लोकांच्या मनातील प्रतिमा बदलण्यास काहींचा विरोध आहे. परिचित रूप राखावे की दगड वाचवावा, हा पेच येथे आहे. सुमारे साडेतीन शतके ज्या आवरणाने ही वास्तू पावसाळ्याला तोंड देत उभी राहिली, त्याचे महत्त्व या चर्चेत दुर्लक्षून चालणार नाही.