प्रिय, फ्री आणि फुकट

‘फ्री’ हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की त्याला परका म्हणणं आता जड जातं. वाण्याकडे दोन साबणांवर एक फ्री असतो. मैत्रीण फोनवर विचारते, “संध्याकाळी फ्री आहेस का गं?” सासू नव्या सुनेबद्दल शेजारणीला सांगते, “फार फ्री आहे हो, मनात काही ठेवत नाही.” क्रिकेटमध्ये फ्री हिट, विमानतळावर ड्यूटी-फ्री. बिस्किटाच्या पुड्यावर ‘शुगर फ्री’ असेल तर आत साखर नाही आणि चहाच्या पुड्यावर ‘साखर फ्री’ असेल तर सोबत साखर मिळणार, हे शाळकरी पोरालाही न सांगता कळतं. एकाच शब्दाचे उलटसुलट अर्थ आपण दिवसभर बिनचूक वापरतो.

या शब्दाचं कूळ शोधत मागे गेलं की तो थेट आपल्या ओळखीच्या घराशी पोचतो.

जुन्या इंग्रजीत त्याचं रूप ‘फ्रेओ’ असं होतं. जर्मनमध्ये आजही तो ‘फ्राय’ आहे. या जर्मानिक भाषांच्या मागे, संस्कृत, इराणी, ग्रीक, लॅटिन या सगळ्यांच्या सामाईक पूर्वज-भाषेपर्यंत गेलं की त्याचा जो मूळ शब्द मिळतो, त्याचा अर्थ ‘लाडका, आवडता’ असा होता. संस्कृतात तोच शब्द ‘प्रिय’ म्हणून राहिला. ‘प’चा ‘फ’ होणं हा योगायोग नाही. याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने १८२२ मध्ये ध्वनिबदलाचा जो नियम नीट मांडून दाखवला, त्यात हे बसतं: पितृ आणि फादर, पाद आणि फूट, पंच आणि फाइव्ह, तसेच प्रिय आणि फ्री. आपल्याकडच्या प्रिया, प्रीती, प्रियंका या सगळ्या ‘फ्री’च्या चुलत बहिणी.

आता लाडक्याचा मोकळा कसा झाला? भाषेच्या अभ्यासकांनी याचं जे उत्तर दिलं आहे, ते मला फार मोलाचं वाटतं. त्या काळच्या मोठ्या कुटुंबात दोन प्रकारची माणसं राहत. एक घरची, रक्ताची, म्हणजे ‘प्रिय’. दुसरे गुलाम, लढाईत धरून आणलेले किंवा विकत घेतलेले. घरच्या माणसांना हक्क होते, गुलामांना नव्हते. त्यामुळे ‘प्रिय’ म्हणजे ‘जो गुलाम नाही तो’ असा अर्थ हळूहळू घट्ट झाला आणि पुढे प्रेमाचा भाग गळून पडला. पण तो गळण्याआधीच्या खुणा इंग्रजीत राहिल्या आहेत. जुन्या इंग्रजीतल्या ‘फ्रेओगन’ या क्रियापदाचे अर्थ दोन: प्रेम करणे आणि मुक्त करणे. त्याच क्रियापदापासून ‘प्रेम करणारा’ या अर्थाने झालेला शब्द म्हणजे ‘फ्रेंड’. फ्रिग ही जर्मानिक देवताही याच कुळातली. रोमन लोकांनी आठवड्यातला एक दिवस व्हीनसला दिला होता. जर्मानिक लोकांनी रोमन वार स्वीकारले तेव्हा व्हीनसच्या जागी आपली फ्रिग बसवली आणि ‘फ्रायडे’ झाला. व्हीनस म्हणजे आपला शुक्र, म्हणून वार तोच आहे.

असा प्रवास एकट्या ‘फ्री’ने केलेला नाही. लॅटिनमध्ये ‘लिबेर’ म्हणजे मुक्त आणि त्याचंच अनेकवचन ‘लिबेरी’ म्हणजे घरातली मुलंबाळं. फारसीतला ‘आझाद’ घ्या. आझाद मैदानावर मोर्चा घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी तो असतो. त्याचा मूळ अर्थ ‘कुळात जन्मलेला, खानदानी’ असा. त्यातला ‘झाद’ आणि आपला ‘जात’ एकच; जन्म, जनक, प्रजा हे शब्द ज्या धातूपासून आले, त्याचाच हा इराणी भाऊ. फ्रँक नावाच्या जमातीने गॉल म्हणजे आजचा फ्रान्स जिंकला, तेव्हा पुरे हक्क त्या जमातीच्या माणसालाच असत. त्यामुळे ‘फ्रँक’ म्हणजे मुक्त असा अर्थ रूढ झाला आणि त्यावरून ‘मोकळं बोलणारा’. आज कोणी “फ्रँकली सांगतो” म्हणतो, तेव्हा तो त्या जमातीचं नाव घेत असतो. तेच नाव अरबी-फारसीतून फिरून आपल्याकडे ‘फिरंगी’ होऊन आलं आणि युरोपी पात्याच्या तलवारीला मराठे ‘फिरंग’ म्हणू लागले.

या सगळ्या शब्दांत एकच समजूत आहे. स्वातंत्र्य म्हणजे कुणाचं तरी असणं. ज्याला गणगोत आहे, ज्याच्या मागे उभं राहणारं कोणी आहे, तो मुक्त; ज्याचं कोणी नाही तो गुलाम. आज आपण स्वातंत्र्य म्हणजे कुणाशीच बांधलेलं नसणं असं समजतो. त्या लोकांच्या लेखी तसा माणूस सर्वांत असहाय होता. गुलाम आधी आपल्या माणसांपासून तोडला जातो, मग त्याला बेडी पडते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

आपल्याकडे शब्द वेगळ्या वाटेने आले. ‘मुक्त’ हा ‘मुच्’ धातूवरून, म्हणजे सोडणं, गाठ सैल करणं. ‘मोक्ष’ त्यातलाच. प्राकृतातून खाली उतरलेला त्याचा वंशज म्हणजे ‘मोकळा’, आणि हा खास आपला शब्द आहे. मोकळे केस, मोकळं रान, मोकळा श्वास, मोकळा भात. दाव्यावरून सोडलेलं वासरू मोकळं आणि सगळं बोलून टाकलेलं मनही मोकळं. प्रत्येक ठिकाणी आधी काहीतरी आवळलेलं होतं आणि ते सुटलं, हे त्यात ऐकू येतं. ‘स्वतंत्र’ त्याहून निराळा. ‘तंत्र’ म्हणजे मुळात मागावरचा ताणा, मग रचना, मग शिस्त आणि अंमल. ज्याच्यावर स्वतःचाच अंमल आहे तो स्वतंत्र. म्हणजे एकीकडे गाठ सुटणं, दुसरीकडे स्वतःचं राज्य असणं. ‘फ्री’ला हे दोन्ही अर्थ आहेत, पण त्याच्या पोटात ते वेगळे दिसत नाहीत.

मग यात पैसा कुठून आला? ‘फ्री’चा अर्थ ‘एखाद्या गोष्टीतून सुटलेला’ असा झाल्यावर करातून सुटलेला, वेठीतून सुटलेला असे प्रयोग सुरू झाले. त्यांतलाच एक ‘खर्चातून सुटलेला’. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत हा प्रयोग दिसतो. पुढे ‘खर्चातून’ हा भाग बोलण्यात गळला आणि नुसतं ‘फ्री’ उरलं. म्हणजे ‘विनामूल्य’ हा या शब्दाचा बराच धाकटा अर्थ. मराठीत मात्र बाजारातून आलेला हा धाकटाच सर्वांत पुढे जाऊन बसला. आज ‘फ्री’ म्हटल्यावर बहुतेकांच्या मनात आधी तोच येतो.

या अर्थासाठी मराठीकडे शब्दांची वाण कधीच नव्हती. फुकट, मोफत, विनामूल्य, निःशुल्क, बक्षीस, इनाम, माफी. यातले दोन जवळून पाहण्यासारखे आहेत. ‘मोफत’ फारसीतल्या ‘मुफ्त’वरून आला. ‘फुकट’ला मराठीत आणखी एक अर्थ आहे: वाया. दिवस फुकट गेला, मेहनत फुकट गेली. म्हणून त्याला कायम एक कडू चव असते. फुकटचा सल्ला, फुकटची दादागिरी, फुकट्या, फुकटचंबू बाबूराव. ‘मोफत’ला ही चव नाही. मोफत वाचनालय असतं, मोफत नेत्रतपासणी शिबिर असतं. त्या जागी ‘फुकट’ लिहून पाहा, लगेच घेणाऱ्याचीही आणि देणाऱ्याचीही मान खाली जाते. दाम दोन्हीकडे शून्यच. फरक आहे तो घेणाऱ्याच्या इभ्रतीत, आणि भाषेने तो फरक जपून ठेवला आहे.

शिक्षणाच्या बाबतीत हा फरक महाराष्ट्राने चांगलाच अनुभवला. शाळेत फी माफ होण्याला पूर्वी ‘नादारी’ म्हणत. हाही फारसी शब्द. ‘नादार’ म्हणजे ज्याच्याकडे काही नाही तो. नादारी मिळवायची तर आपल्याकडे काही नाही हे अर्जात लिहून द्यावं लागे आणि वर्गात ती मुलं ओळखू येत. मागच्या पिढ्यांतले कितीतरी लेखक, शिक्षक, अधिकारी नादारीवर शिकले आणि त्या शब्दाचा सल त्यांच्या बोलण्यात शेवटपर्यंत राहिला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१० मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याचा ठराव मांडला आणि १९११ मध्ये विधेयक आणलं. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळलं गेलं. पण कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. पुढे केंद्राच्या २००९ च्या कायद्याचं मराठी नाव झालं ‘बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम’. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. त्या नावात ‘मोफत’च्या मागे ‘हक्क’ येऊन उभा राहिला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. नादारी याचना करून मिळे. हक्क अर्ज भरायच्या आधीच आपला असतो. तरीही खाजगी शाळांत याच कायद्याखालच्या पंचवीस टक्के जागांवर आलेल्या मुलांना “ती फ्रीवाली मुलं” म्हटलेलं ऐकू येतं. नादारी शब्द गेला आणि त्याचं काम एका इंग्रजी शब्दाने अंगावर घेतलं.

‘-फ्री’ हे जे शेपूट इंग्रजीत लागतं, त्यासाठी मराठीने ‘-मुक्त’ असा सरळ उपाय काढला आणि तो खेडोपाडी पोचला. २००७ मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. हागणदारीमुक्त गावाचे फलक वेशीवर लागले. ‘हागणदारी’ हा अस्सल गावरान शब्द आणि ‘मुक्त’ हा संस्कृत, पण जोडी जमली, कारण अर्थ कोणालाही पुसावा लागत नाही. शेतकऱ्याच्या कर्जाबद्दल तर दोन शब्दांत राजकारणच झालं. ‘कर्जमाफी’ म्हटलं की शेतकरी गुन्हेगार ठरतो, माफी चूक केलेल्याला असते, म्हणून ‘कर्जमुक्ती’ म्हणा, असा आग्रह शेतकरी चळवळीने धरला. राज्य सरकारच्या २०१९ च्या योजनेच्या नावात ‘कर्जमुक्ती’ आहे.

कवितेत फ्रेंच ‘व्हेर लिब्र’चं इंग्रजी ‘फ्री व्हर्स’ झालं आणि आपल्याकडे ‘मुक्तछंद’. कवी अनिलांनी तो रुजवला. यमक आणि गण यांची गाठ सुटली, पण लय राहिली. ‘मुक्त’ शब्द त्या कवितेला चपखल बसतो.

‘फ्री’च्या दुहेरी अर्थाचा सर्वांत जास्त मनस्ताप मात्र संगणकाच्या जगाने सोसला. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकी प्रोग्रामरने सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केलं. त्याचा मुद्दा असा की वापरणाऱ्याला प्रोग्राम हवा तसा चालवता यावा, आतून बघून बदलता यावा, इतरांना देता यावा आणि बदललेला प्रोग्रामही वाटता यावा. यात किमतीचा प्रश्नच नव्हता. असा प्रोग्राम विकायलाही त्याची हरकत नव्हती. पण नावात ‘फ्री’, म्हणून ऐकणारा आधी फुकटच समजायचा. भाषणस्वातंत्र्यातला ‘फ्री’ घ्या, फुकटच्या बिअरमधला नको, हे त्याला आयुष्यभर समजावत राहावं लागलं. अखेर फेब्रुवारी १९९८ मध्ये ख्रिस्टीन पीटरसन यांनी ‘ओपन सोर्स’ हा दुसरा शब्द सुचवला. त्याला कारणं आणखीही होती, पण हा घोळ टाळणं हे त्यातलं एक. स्टॉलमनला तो शब्द पसंत नाही, कारण त्यात स्वातंत्र्याचा उल्लेख उरत नाही.

हा सगळा खटाटोप इंग्रजीला करावा लागला. मराठीला त्याची गरजच नव्हती. आपण ‘मुक्त’ म्हणतो तेव्हा किंमत मनात येत नाही आणि ‘मोफत’ म्हणतो तेव्हा स्वातंत्र्य मनात येत नाही. मराठी विकिपीडियाच्या नावाखाली ‘मुक्त ज्ञानकोश’ असं लिहिलेलं असतं. तो मोफतही आहे, पण त्याचं मोठेपण पहिल्या शब्दात आहे: तो कोणीही लिहू शकतो, सुधारू शकतो, पुढे देऊ शकतो.

म्हणून एक विनंती. साबणाच्या वेष्टनावर ‘फ्री’ खुशाल राहू द्या, तिथे त्याचं काही अडत नाही. पण शाळेचा फलक, दवाखान्याची पाटी, ग्रामपंचायतीची सूचना किंवा मुलांचं पाठ्यपुस्तक लिहायची वेळ तुमच्यावर आली तर क्षणभर थांबून पाहा: पैसे पडत नाहीत एवढंच सांगायचं आहे, की बंधन नाही हे सांगायचं आहे, की हा तुमचा हक्क आहे हे सांगायचं आहे? तिन्हींसाठी मराठीत वेगळे शब्द आहेत. त्यातला नेमका लिहा.