देव्हाऱ्याखालचा चाकू

आमच्या घरी खंडेनवमीला पाटावर जी शस्त्रे मांडली जात, त्यांत विळी, कोयता आणि अडकित्ता यांच्या जोडीला एक मिटवायचा चाकू असे. वर्षभर तो देव्हाऱ्याखालच्या लाकडी पेटीत, वाती आणि उदबत्त्यांच्या शेजारी पडून राही. पेटी उघडली की कापराचा वास येई. चाकू १८५७ सालचा, असे आम्हां मुलांना सांगण्यात आले होते. कोल्हापूरच्या २७ व्या पलटणीने ३१ जुलैच्या रात्री उठाव केला. त्या धामधुमीत घाट उतरून आलेल्या एका साहेबाला खापरपणजोबांनी आसरा दिला आणि त्याने खूष होऊन तो बहाल केला, अशी आजीची कथा. थोरल्या काकांच्या कथेत थोडा फरक होता. त्यांच्या मते साहेबाने चाकू दिला नव्हता, खापरपणजोबांनी तो त्याच्या हातून हिसकावून घेतला होता. आजीची कथा १९४७ पूर्वीची आणि काकांची नंतरची, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

पुढे मला जुन्या चाकूंचा नाद लागला, तेव्हा साहजिकच पहिली नजर घरच्या चाकूवर गेली. चाकूची ओळख पटवायची तर मूठ पाहून हरखून जाऊ नये. पाते उघडावे आणि ते मुठीत शिरते तिथल्या जाड भागावरचा ठसा भिंगाखाली धरावा. आमच्या चाकूवर एक चांदणी, तिच्याशेजारी माल्टाचा क्रूस आणि खाली जोसेफ रॉजर्स अँड सन्स, शेफील्ड, इंग्लंड अशी अक्षरे होती.

चांदणी आणि क्रूस ही खूण या घराण्याला १७६४ साली शेफील्डच्या चाकूकारांच्या संघाने दिली. १८२२ च्या सुमारास त्यांनी सनाच्या आकड्याइतकी, म्हणजे १८२२ पात्यांचा एक अजस्र चाकू करून जगाचे डोळे दिपवले. असे नाव झाले की नकलांचा सुळसुळाट ठरलेलाच. रॉजर्सने १८४० च्या दशकात नोविल नावाच्या माणसाला याच कारणासाठी कोर्टात खेचले होते. १९२४ सालचा खटला तर अधिक मौजेचा. प्रतिवादीचे आडनावच रॉजर्स! माणसाने आपल्या नावाने प्रामाणिकपणे धंदा करावा, परंतु ते नाव मालावर ठोकून तो दुसऱ्याचा म्हणून खपू देऊ नये, असा न्याय तेव्हा झाला. या रॉजर्सच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक डी आहे, जो उच्चारात नाही. तो ठशात नसेल तर तेथेच थांबावे.

ठसा खरा आहे की मागाहून उमटवला, हे गंज सांगतो. जुना ठसा पाते घडवतानाच मारलेला असतो. त्यामुळे अक्षरांच्या खाचांत आणि भोवतालच्या पोलादावर गंज सारखाच मुरलेला दिसतो. पाते काळवंडलेले आणि अक्षरे मात्र आतून लख्ख, असे दिसले तर विकणाऱ्याला नमस्कार करून निघावे. आमचा ठसा या परीक्षेत उतरला.

‘इंग्लंड’ हा शब्द मात्र खटकत होता. जर्मनीतल्या झोलिंगेनचा माल शेफील्डच्या नावाने खपतो या ओरडीतून इंग्लंडात १८८७ साली व्यापारी चिन्हांचा कायदा झाला; हिंदुस्थानात तशाच धर्तीचा १८८९ मध्ये आला. १८९० च्या अमेरिकन जकात कायद्याने तर आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले. देशाचे नाव सर्रास दिसू लागते ते त्यानंतर. परंतु त्यापूर्वीही ते क्वचित आढळते, तेव्हा तेवढ्यावर निकाल देता येत नव्हता.

त्यात दुसऱ्या बाजूला जी, मुकुट, आर अशी राजमुद्रा निघाली आणि माझी पुरती दिशाभूल झाली. जी म्हणजे जॉर्ज. व्हिक्टोरियाच्या आधीचा चौथा जॉर्ज १८२० ते १८३० गादीवर होता. म्हणजे साहेबाने बापाचा चाकू खिशात बाळगला असेल, आणि कथा आहे त्याहून जुनी निघेल! आठवडाभर मी या आनंदात होतो. जॉर्ज आणखीही झाले, पाचवा १९१० ते १९३६ आणि त्याच्यामागून सहावा, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. ते आठवायचे नव्हते, इतकेच.

शेवटी निकाल दिला तो मुठीने. ती हस्तिदंताची, असे घरात सगळे म्हणत. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. हाडावर बारीक काळे ठिपके असतात. आमच्या मुठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत आखल्यासारख्या समांतर रेघा होत्या. ती अंगठ्याने चोळून ऊन केली आणि नाकाशी धरली. कापूर! (तापवलेली सुई टोचून पाहणारे लोक आहेत, तो उद्योग करू नये, असली मूठ भडकन पेटते.) ती सेल्युलॉइडची होती. सेल्युलॉइड बनते आम्लात मुरवलेल्या कापसाचे आणि कापराचे, आणि ते बाजारात आले १८७० नंतर. पेटीतला वास पूजेचा नव्हता. कापराची डबी तर पहिल्यापासून कोनाड्यात असे. हे इतक्या वर्षांत कुणाच्याच ध्यानात आले नव्हते.

जुनी पाती नव्या मुठीत बसवून विकणारे असतात, म्हणून खिळेही पाहिले. ते मूळचे होते. चौथा जॉर्ज गेला आणि त्याच्याबरोबर १८५७ ही गेले.

मग झीज पाहिली. थोरले पाते जवळजवळ अखंड होते. धाकटे मात्र धार लावून लावून निम्मे उरले होते आणि त्याची कमान ढिली पडली होती. मुठीवर अंगठा टेकतो तिथे निळसर काळा डाग होता. आजोबा, ज्यांना काका आण्णा म्हणत, गावच्या शाळेत मास्तर होते.

१९८७ च्या खंडेनवमीला मी हे सारे काकांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

“म्हणजे आण्णांनीच विकत घेतला म्हणतोस?”

“तसे दिसते, काका.”

“आम्ही पोरे बोरू घेऊन रांगेत उभी असायचो. एकेकाचा तासून द्यायचे. हातात चाकू असे, तेवढे आठवते. तो हाच, असे कधी मनातही आले नाही.” त्यांनी धाकटे पाते उघडले, अंगठ्यावर फिरवून पाहिले. “अजून लागते रे!”

जुन्या सेल्युलॉइडमधून निघणारी आम्लाची वाफ पोलादाला खाते, तेव्हा तो बंद पेटीत ठेवू नका, एवढे मी सांगितले. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढली, तेव्हा काकांनी तो विळीकोयत्यांतून उचलून पाटीशेजारी ठेवला.