तारेतला प्राण
इंदूरच्या आमच्या घरी पूर्वी वीज गेली, की कंदील शोधावा लागे. दूरध्वनी मात्र जिवंत असे. त्याला लागणारी सुमारे 48 व्होल्टची वीज एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांतून तांब्याच्या तारेनेच येई. 1995 साली व्होकलटेकने इंटरनेटवरून बोलण्याची सोय बाजारात आणली. भारतात तिला 1 एप्रिल 2002 पासून, तीही मर्यादित, परवानगी मिळाली. बोलणे स्वस्त झाले, हे मी नाकारीत नाही. परंतु आता आवाजाचे अंकरूप तुकडे जुळविणारे यंत्र घरच्याच विजेवर चालते. गेल्या पावसाळ्यात मध्यरात्री वीज गेली, राउटर विझला, मोबाइलही उतरलेला. आजारी पत्नीसाठी डॉक्टरांना बोलावण्याकरिता शेजाऱ्यांचे दार ठोठावावे लागले. जुनी तार आम्हीच हौसेने काढविली होती.