वाढते वय आणि जेवणाची मात्रा
संयुत्त निकायातील दोणपाक सुत्तात कोसलनरेश प्रसेनजित भरपेट जेवून धापा टाकत बुद्धांकडे येतो. मात्रा ओळखून जेवणाऱ्याला म्हातारपण सावकाश येते, असे बुद्ध सांगतात. हे रोज जेवताना म्हणायला राजाने सुदर्शन या तरुणाला नेमले आणि भात हळूहळू कमी केला. एकदम नव्हे!

बाबासाहेबांना मधुमेहाने पोखरले. महापरिनिर्वाणावेळी वय अवघे 65. तरीही नाशिकच्या वस्त्यांत चाळिशीनंतर साखर तपासा म्हटले, की ‘मला काय झालंय?’ हेच आम्ही ऐकतो.

भात कमी करून पेठ-सुरगाण्याची नागली, कडधान्ये, पालेभाज्या घ्याव्यात. त्रिरश्मी लेणीच्या पायऱ्या झेपत नसतील तर सपाटीवर अर्धा तास चालावे.

वर्षावासात उपोसथ पाळणाऱ्या, मधुमेहाची औषधे घेणाऱ्या आजी-आजोबांसाठी घरातल्या तरुणांनी आधी डॉक्टरांना विचारावे. दुपारनंतर उपाशी राहिल्यास साखर एकदम उतरू शकते.